जुन्या शिकारी रायफलवर स्कोप बसवणं आणि झीरो करणं: दोष खालून वर शोधत जा

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे, त्यामुळे हा विषय आपल्याकडचा नाही. पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी काहीजण हरणांच्या हंगामात परवाना काढून जातात. मिशिगनमध्ये बंदुकीच्या शिकारीचा हा हंगाम दरवर्षी १५ नोव्हेंबरला सुरू होतो. अशा वेळी हाती येणारी रायफल बऱ्याचदा जुनी असते. कुणी निवृत्त शेजाऱ्याकडून घेतलेली असते, कुणी सेकंडहँड दुकानातून. रेमिंग्टन ७०० (१९६२पासून), विंचेस्टर मॉडेल ७० (१९३६पासून), सॅव्हेज ११० (१९५८पासून) किंवा लष्करी माउझरवरून बनवलेली एखादी रायफल, आणि बहुतेकदा .३०-०६ (काडतुसाचं माप) ची. वर नवा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) चढवला जातो, रेंजवर दहा गोळ्या दहा ठिकाणी लागतात आणि दोष स्कोपच्या माथी मारून तो परत केला जातो.

झीरो करणं म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच बिंदूवर आणणं. ते जमत नसेल तर जुन्या रायफलीत बिघाड बहुतेक वेळा स्कोपच्या खाली असतो. आधी दस्त्याचे स्क्रू, मग बेस (रायफलीवर बसणारी पट्टी), मग रिंग (स्कोप धरणारी कडी) आणि सगळ्यात शेवटी स्कोप, याच क्रमाने वर यायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकत्र बदलल्या तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही, आणि महाग काडतुसं वाया जातात.

काम सुरू करण्याआधी

मॅगझीन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये करंगळी घालून ते रिकामं असल्याची खात्री करा. काडतुसं कामाच्या टेबलावर नकोतच, दुसऱ्या खोलीत ठेवा. १९८२ पूर्वीच्या रेमिंग्टन ७००मध्ये सेफ्टी लावली की बोल्टही अडकतो. भरलेली रायफल रिकामी करायची तर सेफ्टी पुढे सरकवावीच लागते. म्हणजे काडतूस चेंबरमध्ये आणि सेफ्टी उघडी, असा एक क्षण येतोच. त्या क्षणी नळीचं तोंड सुरक्षित दिशेला आणि बोट ट्रिगरपासून लांब हवं. ही गोष्ट माहीत नसलेल्या माणसाच्या हातात अशी रायफल देऊ नका.

स्प्रिंगफील्ड १९०३वरून बनवलेली रायफल असेल तर अनुक्रमांक पाहा. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,०००च्या खालच्या क्रमांकांचे काही रिसीव्हर (बोल्ट आणि नळी धरणारा मुख्य भाग) पोलाद जास्त तापवलं गेल्याने ठिसूळ निघालेले आहेत. जाणकार गनस्मिथला दाखवल्याशिवाय त्यातून गोळी झाडू नका, स्कोप तर दूरच राहिला.

साहित्य थोडंच लागतं: इंच-पाउंडात मोजणारा टॉर्क रेंच, खाचेत अचूक बसणारी स्क्रू ड्रायव्हरची टोकं, ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव), ओळंब्यासाठी दोरी आणि वजन, आणि कोऱ्या कागदाच्या पट्ट्या. घरातला साधा पाचरीच्या आकाराचा स्क्रू ड्रायव्हर जुन्या स्क्रूच्या खाचा हमखास खातो. समांतर कडांचं टोक घ्या.

दस्ता आणि नळी

लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं. तीस-चाळीस वर्षं कपाटात पडून राहिलेल्या रायफलीचे दस्त्याचे स्क्रू सैल झालेले असणार, असंच धरून चाला. रेमिंग्टन ७००च्या लाकडी दस्त्याला साधारण ३५ ते ४५ इंच-पाउंड पुरतात. मॉडेल ७०ला तीन स्क्रू असतात: पुढचा घट्ट, मागचा घट्ट, आणि मधला फक्त टेकेल इतपत. मधलाही आवळला तर रिसीव्हर धनुष्यासारखा वाकतो आणि ग्रुप (एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) फुटतो. पूर्वीच्या मालकाने तिन्ही स्क्रू सारख्या ताकदीने आवळलेली मॉडेल ७० फार आढळते.

आता कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामधून घालून तोंडाच्या बाजूने रिसीव्हरकडे सरकवत न्या. पट्टी कुठे अडते ते पेन्सिलीने खूण करा. दस्त्याच्या पुढच्या टोकापाशी दोन्ही बाजूंना सारखी अडत असेल तर घाबरू नका. रेमिंग्टनने अनेक लाकडी दस्त्यांत तिथे मुद्दाम दाब ठेवलेला असे. पण मध्येच एका बाजूला अडली तर ती जागा लाकूड वाकल्याची आहे. नळी तापली की ती तिथे ढकलली जाते आणि तिसरी-चौथी गोळी भलतीकडे जाते. त्या जागी गोल दांड्याभोवती सँडपेपर गुंडाळून थोडं थोडं घासा, मध्ये मध्ये पट्टी घालून पाहत राहा. घासलेल्या लाकडाला नंतर पॉलिश लावायला विसरू नका, नाहीतर ते पुन्हा ओल पिईल.

नळीच्या तोंडाची कडा भिंगातून बघा. तिथे टवका उडालेला असेल तर वरचं काहीही सुधारून उपयोग नाही. आधी गनस्मिथकडून कडा नव्याने कापून घ्यावी लागते.

बेस: खरा घोळ इथेच असतो

बहुतेक अमेरिकन रायफलींच्या रिसीव्हरवर बेससाठी ६-४८ मापाचे आटे असतात. म्हणजे स्क्रूच्या एका फेऱ्याला तो सुमारे ०.०२१ इंच आत जातो. निदान चार पूर्ण फेरे धरलेच पाहिजेत. त्याहून कमी धरणारा स्क्रू दहा-वीस गोळ्यांच्या धक्क्यात आटे खातो.

जुने स्क्रू निघत नसतील तर जोर लावू नका. भेदक तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. मग सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिट-दोन मिनिटं टेकवा. जुना थ्रेडलॉकर उष्णतेने मऊ होतो आणि स्क्रू सुटतो.

रेमिंग्टन ७००च्या रिसीव्हरचा मागचा भाग (पूल) पुढच्या भागापेक्षा खाली असतो, म्हणून पुढचा आणि मागचा बेस एकाच उंचीचा नसतो. दोघांची अदलाबदल झाली किंवा दुसऱ्या मॉडेलचा बेस बसवला तर एलेव्हेशन (स्कोपची वर-खालची जुळवणी) संपेपर्यंत क्लिक (जुळवणीच्या चाकाचे टप्पे) फिरवूनही गोळी जागेवर येत नाही. सॅव्हेज ११०मध्ये असाच गोंधळ होतो. जुन्या रिसीव्हरचा मागचा भाग सपाट आहे, नव्यांचा गोल, आणि दुकानदार न पाहता नव्याचा बेस देतो. युद्धापूर्वीच्या मॉडेल ७०मध्ये मागच्या पुलाला कारखान्याने भोकं पाडलेलीच नसत. तिथे जी भोकं दिसतील ती नंतर कुणीतरी पाडलेली आहेत, आणि ती मधोमध असतीलच असं नाही.

बेस बसवायची पद्धत अशी. भोकं आणि स्क्रू ॲसिटोनने स्वच्छ पुसा, लाकडाच्या पॉलिशवर थेंब पडू देऊ नका. आधी थ्रेडलॉकर न लावता कोरडंच जुळवा. एका टोकाचा एकच स्क्रू हलके आवळा आणि बेसचं दुसरं टोक पाहा. ते वर उचललं गेलं किंवा खाली फट दिसली तर रिसीव्हर आणि बेस जुळत नाहीत. पूर्वी कुणी रायफल पुन्हा ब्लू करताना (पोलादावर निळसर-काळा थर देताना) वरचा भाग जास्त घासलेला असला की असं होतं. स्क्रूने दाबून फट मिटवू नका, त्याने बेस वाकतो आणि पुढे रिंग वाकड्या बसतात. फटीत योग्य जाडीचा पत्रा घाला, किंवा बेसखाली इपॉक्सीचा थर द्या. रिसीव्हरला आधी बूटपॉलिश लावलं तर तो चिकटत नाही.

त्यानंतर बोल्टची परीक्षा. पुढच्या बेसचे स्क्रू बसवून रिकाम्या चेंबरवर बोल्ट पुढे ढकला आणि दांडी खाली घ्या. शेवटच्या थोड्याशा वळणात जड जात असेल, तर एखादा स्क्रू लांब असून त्याचं टोक बोल्टच्या लगला (बोल्ट अडकवणाऱ्या दाताला) घासतंय. एकेक स्क्रू काढत पुन्हा बोल्ट बंद करून पाहा. ज्याच्या जाण्याने बोल्ट सुटतो तो दोषी. त्याचं टोक उजेडात धरलं तर एका बाजूला सुईच्या अग्राएवढा चकचकीत ठिपका दिसतो. तेवढा भाग ऑईलस्टोनवर घासा, टोक सपाट ठेवा, पुन्हा बसवून बघा.

याच्या उलटाही दोष असतो आणि तो जास्त फसवा. सगळ्यात पुढचं भोक नळीच्या आट्यांवर येतं. तिथला स्क्रू लांब असेल तर तो नळीला टेकून थांबतो. हाताला वाटतं की घट्ट बसला, टॉर्क रेंचही टिक करतो, पण बेस मात्र धरलेलाच नसतो. ओळखायचं कसं? बाकीचे स्क्रू काढून फक्त तो एक आवळा आणि बेसला अंगठ्याने बाजूला ढकला. हलला की समजावं. पाकिटात दोन लांबीचे स्क्रू येतात ते याचसाठी, आखूड स्क्रूची जागा कागदावर छापलेली असते.

सगळं जुळल्यावर प्रत्येक स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा एकच थेंब लावा आणि सुमारे २० इंच-पाउंडाने आवळा. बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो प्रमाण माना. थ्रेडलॉकर पूर्ण वाळायला २४ तास द्या.

रिंग आणि स्कोप

आधी नळकांड्याचं माप बघा. अमेरिकन स्कोप बहुतेक एक इंचाचे, म्हणजे २५.४ मिलिमीटरचे, नवे बरेच ३० मिलिमीटरचे. जुन्या वीव्हर स्कोपांत पाऊण इंचाचेही होते आणि जुने जर्मन स्कोप २६ मिलिमीटरचे असतात. २६चा स्कोप एक इंची रिंगमध्ये कोंबला तर नळकांडं दबतं.

जुन्या रायफलीवर दोन पद्धतींच्या रिंग सर्रास असतात आणि दोघींच्या खोडी वेगळ्या आहेत.

वीव्हरच्या जुन्या रिंगमध्ये वरचा पट्टा एका बाजूला अडकवून दुसऱ्या बाजूच्या स्क्रूंनी ओढला जातो. आवळताना तो स्कोपलाही आपल्याबरोबर फिरवतो. सरळ लावलेलं रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या तारा) शेवटच्या फेऱ्यात तिरकं होतं आणि माणूस चिडून पुन्हा सैल करतो. उपाय सोपा आहे. स्क्रू ज्या बाजूला ओढतात त्याच्या उलट बाजूला रेटिकल किंचित फिरवून ठेवा, मग आवळा. दोन प्रयत्नांत अंदाज येतो. रिंग बेसच्या खाचेत बसवताना ती नळीच्या तोंडाकडे ढकलून धरा आणि मगच आडवा बोल्ट आवळा. धक्क्याला रायफल मागे येते, स्कोप जागेवर राहू पाहतो, म्हणून रिंग खाचेच्या पुढच्या भिंतीला आधीच टेकलेली हवी.

रेडफील्ड पद्धतीत पुढची रिंग बेसमध्ये घालून ९० अंश फिरवतात आणि मागची दोन बाजूंच्या स्क्रूंमध्ये धरलेली असते. पुढची रिंग फिरवायला स्कोपचाच दांडा करतात, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. नळकांड्याला पोचा पडतो आणि आतली यंत्रणा वाकते. एक इंच जाडीचा लाकडी दांडा रिंगमध्ये आवळून त्याने फिरवा, खाली ग्रीसचं बोट लावा. रिंग हाताने सहज फिरत असेल तर ती झिजलेली आहे, बदला. मागचे दोन स्क्रू हलवताना आधी एक सैल करायचा आणि मग समोरचा आवळायचा. दोन्ही एकमेकांविरुद्ध जोर लावून घट्ट केले तर स्कोप बाजूला वाकतो.

खालच्या अर्ध्या रिंगमध्ये स्कोप ठेवला की तो स्वतःच्या वजनाने दोन्हीकडे टेकला पाहिजे. एका टोकाला बोट लावल्यावर डुलत असेल तर रिंग एका रेषेत नाहीत. थोडा फरक लॅपिंग करून (रिंग आतून घासून) निघतो. जास्त असेल, विशेषतः कुणी भोकंच वाकडी पाडली असतील, तर घासत बसू नका. बर्रिस सिग्नेचर रिंगमध्ये प्लास्टिकचे गोलसर तुकडे येतात, ०.००५, ०.०१० आणि ०.०२० इंच सरकवलेलेही मिळतात. रिंग वाकडी असली तरी ते स्कोपला सरळ धरतात. या रिंग मात्र लॅप करायच्या नसतात.

डोळ्याचं अंतर ठरवताना झूम सगळ्यात जास्त ठेवा. जाड जॅकेट घालून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल उजळ दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे करा. साधारण तीन ते चार इंच अंतर राहतं. .३०-०६चा धक्का कमी नाही, जवळ ओढलेला स्कोप भुवई फोडतो. माउझरवर आणखी दोन अडचणी येतात. मूळची उभी फिरणारी सेफ्टी आणि सरळ बोल्टची दांडी, दोन्ही स्कोपला आपटतात. दांडी गनस्मिथकडून वाकवून आणि सेफ्टी बदलून घेतल्याशिवाय तिथे खालच्या रिंग चालत नाहीत.

रेटिकल उभं करायला ओळंबा सोडा. बेसवर छोटी पाणसळ ठेवून रायफल सपाट धरा आणि उभी तार दोरीशी जुळवा. मग रिंगचे स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने, पाव-पाव फेरा, १५ ते १८ इंच-पाउंडापर्यंत. दोन्ही बाजूंची फट सारखी राहायला हवी. रिंगच्या स्क्रूंना थ्रेडलॉकर लावू नका. ओलेपणामुळे स्क्रू सहज फिरतो, त्याच आकड्यावर पकड जास्त बसते आणि नळकांडं चेपतं.

क्लिक मध्यावर आणा, मग नळीतून पाहा

जुन्या स्कोपचे टरेट (जुळवणीची चाकं) पूर्वीच्या मालकाने एका टोकाला नेलेले असतात. हलक्या हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजा आणि निम्मे मागे या. १९५०च्या दशकापर्यंतच्या अनेक स्कोपांत क्लिक फिरवले की रेटिकलच दृश्याच्या मध्यातून सरकतं. ते बाजूला दिसलं म्हणून स्कोप मोडलेला समजू नका, पण तिथे बेस जास्तीत जास्त सरळ बसवणं आवश्यक होतं.

आता बोल्ट काढा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा आणि नळीतून २५ यार्डांवरचं टारगेट मधोमध आणा. रायफल न हलवता स्कोप त्याच बिंदूवर आणा. इथे विंडेजचा (डाव्या-उजव्या जुळवणीचा) मोठा हिस्सा संपत असेल तर गोळी झाडायच्या आधीच दोष सापडला: भोकं वाकडी किंवा रिंग वाकड्या. एलेव्हेशन संपत असेल तर बेस चुकीचा किंवा उलटा. बेस बरोबर असूनही कमी पडत असेल तर मागच्या बेसखाली पत्रा घाला. एक हजारांश इंचाने १०० यार्डांवर फटका साधारण पाऊण ते एक इंच वर जातो. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा सुमारे चार हजारांश इंच असतो, त्यावरून हिशेब करा.

रेंजवर

कान आणि डोळ्यांचं संरक्षण आधी. पिशवी दस्त्याखाली हवी, नळीखाली कधीच नको. एकाच कंपनीची, एकाच वजनाच्या गोळीची काडतुसं वापरा.

२५ यार्डांवर तीन गोळ्या. पाव एमओएच्या (१०० यार्डांवर सुमारे पाव इंच सरकवणाऱ्या) क्लिकला २५ यार्डांवर इंचाला १६ क्लिक, ५० यार्डांवर ८, १०० यार्डांवर ४. ग्रुपचा मध्य ३ इंच खाली आणि दीड इंच उजवीकडे असेल तर ४८ क्लिक वर, २४ डावीकडे. टरेटवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते दाखवतो. युरोपियन स्कोपवर क्लिक बहुधा १०० मीटरला १ सेंटिमीटर असतो आणि फिरवायची दिशाही वेगळी असू शकते, खूण वाचूनच फिरवा.

२५ यार्डांवर मध्यावर आलेली .३०-०६ १०० यार्डांवर दोन-तीन इंच वर लागते. मग तिथे बारीक दुरुस्ती करा. १८० ग्रेन वजनाच्या गोळीच्या नेहमीच्या काडतुसाला १०० यार्डांवर दोन इंच वर ठेवलं तर २०० यार्डांच्या आसपास झीरो येतो आणि ३०० यार्डांवर गोळी आठ-नऊ इंच खाली जाते. तीन गोळ्यांनंतर बोल्ट उघडा ठेवून नळी दहा मिनिटं थंड होऊ द्या. हरणाच्या शिकारीला १०० यार्डांवर दीड-दोन इंचांचा ग्रुप या वयाच्या रायफलीला पुरेसा आहे. त्यापलीकडे पैसे ओतण्याआधी विचार करा.

कागद काय सांगतो

ग्रुप उभ्या रेषेत वर चढत जातोय आणि नळी तापतेय: दस्ता नळीला टेकतोय, कागदाची पट्टी पुन्हा घाला. दोन वेगळे छोटे ग्रुप पडतायत: दस्त्याचा स्क्रू किंवा बेस हलतोय. फक्त पहिली गोळी वेगळी जातेय: नळीत तेल राहिलंय, कोरडी पुसून बघा. चार-सहा इंचांत सगळं विखुरलंय: टॉर्क रेंच पुन्हा फिरवा, आधी बेस, मग रिंग. क्लिक फिरवूनही गोळी हलत नाही आणि दोन गोळ्यांनंतर एकदम उडी मारते: जुन्या स्कोपची आतली स्प्रिंग थकली आहे. क्लिक बदलल्यावर टरेटवर लाकडी दांड्याने हलके टिचकी मारा. त्याने जागेवर येत असेल तर स्कोप हंगामभर कसाबसा चालेल, पण मी त्यावर भरवसा ठेवणार नाही.

शंका उरली तर चौकोनी परीक्षा घ्या. एक गोळी झाडा, नेम कायम त्याच बिंदूवर ठेवून २० क्लिक वर, मग २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, प्रत्येक वळणावर एक गोळी. १०० यार्डांवर पाच-पाच इंचांचा चौकोन पडायला हवा आणि शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी. चौकोन नीट पडला आणि ग्रुप तरीही वाईट, तर स्कोप निर्दोष आहे, पुन्हा खाली जा. चौकोन मोडका पडला तर खात्रीचा दुसरा स्कोप चढवून पाहा, आणि तेव्हाच नव्यासाठी पैसे काढा.

झीरो झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बेसवर आणि रिंगवरून नळकांड्यावर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की काय हलतंय ते लगेच कळतं. काडतुसाचा प्रकार, अंतर आणि टरेटवरचे आकडे वहीत लिहा. हंगामाच्या आठवडाभर आधी रायफल रात्रभर थंड जागेत ठेवून सकाळी रेंजवर न्या आणि थंड नळीतून एकच गोळी झाडा. तिचं भोक कुठे पडतं ते तारखेसह त्याच पानावर नोंदवा.